बाईंनी चूक पायात घातली

एल्विनाबाई रॉड्रिग्ज यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली.

वसई पूर्वेला माझा वेल्डिंगचा गाळा आहे. खिडक्यांची ग्रिलं, सोसायट्यांची फाटकं, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड, हे माझं काम. वीसेक वर्षांपूर्वी एके सकाळी पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई रिक्षातून उतरल्या. हातात एका शाळकरी मुलीचा कॅलिपर. कॅलिपर म्हणजे अधू पायाला बाहेरून आधार देणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या, त्यांना चामड्याचे पट्टे आणि खाली बूट. तो गुडघ्यापाशी मोडला होता. "जोडून द्या," म्हणाल्या. मी जोडला. असा जोडला, की वर हत्ती उभा राहिला तरी वाकू नये.

बाईंनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "मिस्त्री, तुम्ही याचं फाटक केलंत."

"म्हणजे?"

"म्हणजे ही मुलगी आता बाकावर बसली की तिचा पाय पुढच्या मुलीच्या पाठीत जाणार. गुडघा वाकायला नको का?"

मी तापलो. "बाई, जोडा म्हणालात, जोडला. वाकता ठेवा म्हणाला होतात का?"

आता ही बाई चार शब्द सुनावणार, अशी तयारी करून मी उभा होतो. बाई म्हणाल्या, "बरोबर. माझं चुकलं. मी सांगायला हवं होतं." माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. इतकी वर्षं गिऱ्हाइकांशी डोकं लावलं, पण 'माझं चुकलं' हे दोन शब्दांचं वाक्य त्या दिवसापर्यंत एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग बाई ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसल्या, माझ्याकडचा खडू घेतला आणि गाळ्याच्या फरशीवर माणसाचा पाय काढला. दुपारचे बारा वाजले तरी उठल्या नाहीत. संध्याकाळी तो कॅलिपर वाकायला लागला, आणि मी बाईंचा मिस्त्री झालो तो आजतागायत.

ज्यांना बाई ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बाई मूळच्या वसईजवळच्या वटार गावच्या. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्यांनी कित्येक वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं. नोकरी सोडल्यावर वटारच्या आपल्या घराच्या पडवीत त्यांनी चालणं शिकवायला सुरुवात केली. मागे केळीची वाडी, पुढे सोनचाफा, आणि मधल्या पडवीत आधाराच्या दोन दांड्यांमधून पाऊल टाकायला शिकणारी माणसं. त्यांच्या पायांना, कमरेला, मनगटाला जे काही घालावं लागतं त्याचं चित्र बाई काढतात आणि लोखंड मी वाकवतो.

माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी पुस्तकं मला वाचता येणार नाहीत, हे ओळखून बाईंनी एका शंभरपानी वहीत सगळे सांधे माझ्यासाठी मराठीत लिहून दिले. एका पानावर खुबा, एका पानावर गुडघा, एका पानावर घोटा. कुठला किती वाकतो, कुठे टोचतं, कुठे टोचलं तर चालतं आणि कुठे अजिबात चालत नाही. माझ्या अज्ञानाला बाई कधी हसल्या नाहीत. माझ्या शुद्धलेखनाला मात्र पोट धरून हसतात. हा लेखही त्यांच्या हाती पडेल तेव्हा हसतीलच, हसू देत.

त्यांच्या कामाची रीत काय, ते वसईतल्या होळी भागातल्या भाजीवाल्या बायकांनी पाहिलंय. दिवसभर वाफ्यांत वाकून त्यांच्या कमरा गेलेल्या. बाईंनी पाठीवरून जाणारा एक पट्टा योजला. वाकलं की त्यातले इलॅस्टिक ताणले जायचे आणि उठताना तेच माणसाला वर ओढायचे. मला वाटलं, बाई माप घेतील आणि परत येतील. बाई सकाळपासून वाफ्यात वाकून माठ खुडत बसल्या! साठीच्या पुढच्या बाई, चष्म्याला चिखल. पट्टा तयार झाल्यावर एका काकींनी तो घातला, दोनदा वाकल्या, उठल्या आणि दचकून मागे वळून पाहिलं. "आगं बाय, कोनतरी मागून काखेत हात घालून उठवतंय!" दुसरी म्हणाली, "नवऱ्यानं तरी कधी उठवली होती का अशी?" वाफ्यात नुसता हशा. पण त्या काकी मागे वळल्या तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. लोखंडात आणि रबरात एवढी माया असू शकते, हे मला त्या दिवशी समजलं.

बाईंना नव्याचं वावडं नाही. मध्यंतरी मुंबईचे काही तरुण इंजिनियर बॅटरीवर चालणारा एक सांगाडाच घेऊन आले. कमरेला मोटरा, मांड्यांना पट्टे, पाठीवर बॅटरी. माणूस पाऊल टाकायला लागला की मोटर ते पुढे नेते. मी तर आ वासून बघत होतो. बाईंनी तो अंगावर चढवून घेतला, पडवीत चार फेऱ्या मारल्या, "सुंदर!" म्हणाल्या आणि त्याच दमात विचारलं, "बाळांनो, हे घालून संडासला कसं बसायचं?"

पोरं एवढं शिकलेली, पण हा प्रश्न कोणाच्या कागदावर नव्हता. बाईंनी त्यांना जेवायला वाढलं आणि जेवताना पुन्हा तोच विषय काढला, हेही सांगायला हवं. तीन महिन्यांनी ती पोरं परत आली. एका हाताने झटक्यात सुटेल असं बक्कल करूनच आली.

अशा बाईंना यंदा पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होताहेत. गौरवग्रंथ निघणार, त्यात मी लिहायचं, असा निरोप आला आणि मी हबकलो. पण खरा हबका पुढे होता. बाईंनी समितीला कळवलं होतं, "काशिनाथ मिस्त्रींना लिहू दे, आणि त्यांनी कळंबची गोष्ट लिहावी. ती नसेल तर माझ्यावर पुस्तक काढू नका." आपली चूक छापा, असा हट्ट गौरवग्रंथात कोणी धरतं का हो? समितीचे अध्यक्ष मला फोनवर म्हणाले, "मिस्त्री, जरा मऊ करून लिहा." मी बसलो मऊ करायला. ती होत नाही. जशी घडली तशीच सांगतो.

गेल्या पावसाळ्याची सुरुवात. बाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, घराबाहेर पडायची मनाई. त्यात रस्त्यांवर पाणी. अशात समुद्रकाठच्या कळंब गावाहून मंगेशचा, माझ्या ओळखीतल्या एका पोराचा, मला फोन आला. त्याची आई हिराबाई सोपाऱ्याच्या बाजारात मासळी विकतात. "काका, आयचा पाय उचलत नाय. वाळूत दोनदा पडली."

मी बाईंना फोन लावला. "हिराबाईंचा पाय उचलत नाही."

"झटका आला होता का?"

"डॉक्टर नसेचं काहीतरी म्हणाला म्हणे."

"अजिबात उचलत नाही?"

"अजिबात नाही," मी ठोकून दिलं.

बाई म्हणाल्या, "मग खुब्यापासूनचा लागेल. मापं मागवा."

आता बघा, आपल्या भाषेत पाय म्हणजे मांडीच्या मुळापासून नखापर्यंत सगळा पायच. पाय मोडला, पाय मुरगळला, पायात चप्पल घातली, सगळीकडे पाय. हिराबाईंची मांडी ठणठणीत होती, गुडघा ठणठणीत होता. लटकं पडलं होतं ते फक्त पाऊल. घोट्यातून वर होत नव्हतं, म्हणून बोटं वाळूत अडकून त्या पडत होत्या. त्या एका पायाबद्दल आम्ही तिघं मिळून अर्धा तास बोललो असू. पण 'पाऊल' हा शब्द ना मंगेशच्या तोंडून आला, ना माझ्या, ना बाईंच्या.

मंगेशने सुतळीला गाठी मारून मापं पाठवली. मी खुब्यापासून बुटापर्यंतचा, गुडघ्याला कुलूप असलेला भला थोरला कॅलिपर केला आणि पाठवून दिला. चार-आठ दिवसांनी विचारलं तर निरोप आला, "बेस हाय."

हिराबाईंना चालायची घाई कशासाठी होती ते सांगतो. त्या बाजारातल्या बायकांचा आपसातला एक नियम आहे. पावसाळ्यात सुकं विकायला कोणीही कुठेही बसो. पण नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या आणि ताजी मासळी आली, की पहिल्या दिवशी जी स्वतः येऊन आपल्या जुन्या जागेवर बसेल तिची ती जागा वर्षभर. मुलगा-सून पाठवून चालत नाही. हिराबाईंची जागा त्यांच्या सासूपासूनची, बाजाराच्या तोंडाशी, नळाजवळ. आणि त्या जागेवर त्यांच्या जावेचा डोळा. "ती जागा सुटलीच म्हून समज," असं जाऊ चारचौघींत बोललीसुद्धा होती. पहिल्या दिवशी होडीपासून वाळू तुडवत, पाटी घेऊन, आपल्या पायांनी जाता आलं नाही तर हिराबाईंची जागा गेली. पोट त्या जागेवर आणि मानही त्याच जागेवर.

बाईंना डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं कळंबला गेलो. हिराबाई आम्हाला बघून अंगणात आल्या. मी केलेला लोखंडी पाय ओढत आल्या, आणि त्यांच्या पावलाच्या बोटांनी वाळूत मागे एक लांब रेघ ओढली. बाई त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्या रेघेकडे बघत होत्या.

"हिराबाई, बसा. हे काढा आधी."

काढलं. मांडीला पट्ट्याखाली सोललं होतं, काही ठिकाणी जुनी खपली, काही ठिकाणी ओली. बाई म्हणाल्या, "मांडी उचला." हिराबाईंनी छातीपर्यंत उचलली. "गुडघा वाकवा." वाकवला. "आता पाऊल वर करा."

पाऊल ओल्या फडक्यासारखं लोंबत राहिलं.

चार आठवडे ती माउली नको असलेलं लोखंड अंगावर वागवत होती, आणि जे हवं होतं ते आम्ही दिलंच नव्हतं.

बाईंनी विचारलं, "एवढं लागत होतं, तर बोललात का नाही?"

"बाय, तुमी येवढी मेहनत करून पाठवलाव. त्याला नावं कशी ठेवू? बायनी दिलाय म्हंजे बरोबरच आसंल."

बाईंनी डॉक्टरांचा कागद मागितला. तो बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवला होता. आमच्यापैकी कोणी आजवर तो मागितलाच नव्हता. बाईंनी तो वाचला आणि विचारलं, "बाजारात कशा बसता, दाखवा." हिराबाई उकिडव्या बसल्या. "किती वेळ?" "बाजार उठंपरत." बाईंनी त्यांच्या गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला बोट ठेवलं. पावलाला उचलणारी नस तिथे हाडावरून जाते. तासन् तास, वर्षानुवर्षं उकिडवं बसून ती चेपली गेली होती. म्हणजे जी जागा राखायला हिराबाईंचा जीव तुटत होता, त्याच जागेने त्यांचं पाऊल खाल्लं होतं.

निघताना बाईंनी तो कॅलिपर उचलला. "हा मी नेते." मला वाटलं, मोडीत घालायला.

त्या रविवारी सकाळी बाजारात एक फूलवाली मला म्हणाली, "मिस्त्री, तुमच्या बाईंना झटका आला का? पायात लोखंड घातलंय." मी काम टाकून वटार गाठलं. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, नुकतीच सुटली होती. चर्चच्या पायऱ्यांवर ही गर्दी, आणि मधोमध बाई. हिराबाईंचा कॅलिपर खुब्यापासून बांधलेला, गुडघ्याचं कुलूप लावलेलं, एकेक पायरी अंग वाकडं करत उतरत होत्या. लोक दचकून बाजूला होत होते. कोणीतरी विचारलं, "बाई, काय झालं हो?"

"मला काही झालेलं नाही," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मी न बघता एका बाईला चुकीचा पाय दिला. ती महिनाभर घालून हिंडली. मला आठ दिवस तरी हिंडू दे."

फादर स्वतः खाली आले. "एल्विनाबाई, प्रायश्चित्त सांगायचं काम माझं."

"फादर, तुम्ही सोपं सांगितलं असतंत."

मी पुढे झालो. लाजेने मान वर होत नव्हती. "बाई, 'अजिबात नाही' असं मी सांगितलं. चूक माझी. काढा ते."

"तुमची अर्धी. तुमचा नंबर येईल."

आला. चार दिवसांनी कॅलिपर माझ्या गाळ्यावर हजर. "उरलेले चार दिवस तुमचे," एवढीच चिठ्ठी. घातला. पहिल्याच तासात कळलं की मांडीचं बक्कल मी नेमकं तिथे बसवतो जिथे बसताना ते मांसात रुततं. खाली पडलेली सळई उचलता येईना. मुतारीत जायची पंचाईत. गिऱ्हाइकं विचारायची आणि सांगताना जीभ अडखळायची. वीस वर्षं मी ही साधनं करतोय, आणि एकदाही, एकदाही पायात घालून बघितलं नव्हतं! या गोष्टीने मला जो धक्का बसला तो अजून ओसरलेला नाही.

मग खरं काम सुरू झालं. पाऊल उचलून धरणारी तयार पट्टी बाजारात मिळते, पण ती बुटात घालायची असते, आणि मासळीवाली अनवाणी, पाण्यात. आम्ही गुडघ्याखाली एक पट्टा घेतला, नस जाते तिथे त्याला खोलगट जागा सोडली, पावलाच्या चवड्याला दुसरा पट्टा, आणि दोघांमध्ये रबर. पहिलं रबर खाऱ्या पाण्याने सैल पडलं. दुसऱ्या खेपेला पट्ट्यात वाळू शिरून कातडी घासली. प्रत्येक खेपेला बाई आधी स्वतः बांधून कळंबच्या वाळूत चालायच्या, चप्पल हातात घेऊन. तिसरा पट्टा नीट बसला. वजन एका पापलेटाएवढं.

तरी गाडं अडलंच. बाई म्हणाल्या, "आता उकिडवं बसायचं नाही. बुटक्या स्टुलावर बसायचं."

हिराबाई उखडल्या. "गिऱ्हाइकाच्या वर बसून मावरं इकू? बाया हसतील मना."

"जागा राखायची की पाय?"

"जागा," हिराबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही.

बाईंनी वाद घातला नाही. घरी येताना एवढंच म्हणाल्या, "मिस्त्री, दोन स्टुलं करा."

होड्या सुटल्या, पहिली ताजी मासळी आली. हिराबाई होडीपासून वाळूतून निघाल्या. पट्टा पाऊल उचलत होता, मागे रेघ नव्हती. सोपाऱ्याला नळाजवळच्या जागेशी जाऊ आधीच घुटमळत होती. हिराबाईंनी पाटी ठेवली तशी ती मुकाट्याने सरकली. आणि हिराबाई बसणार तेवढ्यात एल्विनाबाईंनी एक स्टूल तिथे ठेवलं, दुसऱ्यावर स्वतः बसल्या आणि समोरचा बोंबील उचलून विचारलं, "हा साफ कसा करतात?"

बाजार खदखदून हसला. "राणी बसली गं सिंहासनावर, नि पाटराणी बाजूला!" हिराबाई लाजेने लाल. त्या एल्विनाबाईंकडे बघत होत्या. हात बोंबलाने बरबटलेले, कोयता धरायची रीत चुकलेली, हसणाऱ्यांबरोबर स्वतःही हसणाऱ्या बाई. हिराबाईंनी एक सुस्कारा टाकला, लुगडं सावरलं आणि स्टुलावर बसल्या. "हसा गं. उद्या तुमचा पाय गेला म्हंजे येशाल माझ्याकडं स्टूल मागाया." मग बाईंच्या हातातून कोयता काढून घेतला. "तू सोड बाय, बोंबलाचा भुगा केलास."

बाजारातली सगळ्यात म्हातारी विक्रेती दिवसभर त्या स्टुलांकडे बघत होती. बाजार उठायच्या वेळी ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मना पन कर एक. पन जरा बुटकं कर, हिरीपेक्षा."

जागा राहिली. पावलाचं म्हणाल तर पूर्ण आलेलं नाही. बोटं दोन-तीन अंगुळं उचलतात, थकवा आला की हिराबाई अजून पट्टा लावतात. जाऊ अजून बोलत नाही. गोष्ट आहे ती अशी आहे.

तेव्हापासून बाईंनी एक नेम केलाय. आमच्याकडून कोणतंही साधन जाण्याआधी ते पुरा एक दिवस त्यांच्या अंगावर असतं. कधी मानेला पट्टा, कधी मनगटाला चाप, कधी एका पायात लोखंड. वटारचे लोक आता दचकत नाहीत, "आज कोणाचा पाय, बाई?" असं विचारतात, आणि बाई ज्याचा असेल त्याचं नाव सांगतात.

एल्विनाबाई, ही गोष्ट छापायचा हट्ट तुमचा होता, तो पुरवला. आता माझा एक हट्ट ऐका. तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, आणि ते धडधाकट मिळो. दिवसभर तुम्ही हव्या त्या माणसाचा पाय घालून लंगडा. पण रोज संध्याकाळी तो काढून ठेवून, स्वतःच्या दोन्ही पायांनी, तुमच्या वाडीत शेवटच्या केळीपर्यंत चालत जा.